दिलशादबीचा डावा हात

मित्रांनो, जाहिदा बहात्तरच्या दुष्काळात जन्मली आणि तिला दहावे वर्ष लागले तेव्हा लातूर जिल्हा झाला. त्याच सालच्या दिवाळीआधी मी तिच्या घरी आलो. म्हणून आजही कोणी माझे वय विचारले, की घरचे लोक आधी जाहिदाचे वय मोजतात.

मी लाकूड कातण्याचा लेथ आहे. नांदेडच्या दुकानातून फळ्यांच्या पेटीत बंद होऊन आलो, तेव्हा माझा हिरवा रंग अजून चिकटच होता. जाहिदाचे वडील निजामोद्दीनमियाँ पिढीजात खरादी, लाकूड कातणारे. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्यांना टेबल-खुर्च्या लागणार आणि त्यांना शेकड्यांनी पाय लागणार, असा त्यांचा हिशेब. मी येताच त्यांनी जुनी दोरीची खराद मोडून चुलीत घातली. महिन्याभरात पसंत पडला नाही तर परत घेऊ, असे दुकानदार म्हणाला होता. परत जायचे म्हणजे पुन्हा त्या अंधाऱ्या पेटीत बंद व्हायचे, एवढे मला कळत होते.

जुन्या खरादीवर नवराबायको समोरासमोर जमिनीवर बसत. दिलशादबी लाकडाला गुंडाळलेली दोरी ओढत, मियाँ पटाशी लावत. दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे. लाकूड आपल्याकडे फिरले की कापायचे, उलटे फिरले की पटाशी उचलायची. दुष्काळात खडी फोडताना मियाँच्या डाव्या हाताची दोन बोटे चेंगरली होती. तेव्हापासून त्या बोटांचे काम उजव्या पायाचा अंगठा करी. पटाशीला खालून अंगठ्याचा आधार देऊन त्यांनी दहा वर्षांत किती भोवरे, किती लाटणी कातली असतील!

दुकानाच्या माणसाने मला टेबलावर बसवून दिले होते. तो गेल्यावर मियाँनी मला खाली काढले आणि जमिनीवरच्या ओंडक्याला आवळले.

"उभ्यानं काम करायला मी काय हजाम हाय?" ते म्हणाले.

पहिले काम महादेवप्पांचे होते. भुसाराच्या दुकानाचे हे लिंगायत मालक मियाँचे जुने स्नेही. त्यांची लेक जगदेवी बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाला पाळणा मामाघरचाच हवा. चार खांब, चोवीस गज, वर लाखेचा लाल-हिरवा रंग. बाळ झाले, बारा दिवस हातात होते.

मियाँनी बटण दाबले. मी एकाच दिशेने फिरू लागलो, आणि मला थांबणे माहीतच नव्हते. त्यांचा हात मात्र सवयीने दर फेऱ्याला पटाशी उचली, पुन्हा टेकवी. लाकडावर पायऱ्या पडल्या. पाच दिवसांत अकरा गज वाया गेले. महादेवप्पा बघायला आले. एक गज उचलून म्हणाले, "निजामभाई, पाळणा मागितलाय, मुसळ न्हाई."

सहाव्या दिवशी पटाशी उसळली आणि मियाँच्या अंगठ्याचे नख गेले. पाय फडक्यात बांधून ते भिंतीला टेकून बसले.

"उद्या ह्याला पेटीत भर," ते दिलशादबीला म्हणाले. "कचेरीत शिपायाची जागा हाय म्हणतेत. बघतो."

"अन् पाळणा?"

"उदगीरहून आणतील. माझी खराद मीच जाळली, आता कुणाला बोलू?"

जाहिदाला हाताशी घेऊन दिलशादबींनी मला पुन्हा टेबलावर चढवले. मग पदर खोचला आणि पटाशी उचलली.

"हे काय करून राहिलीस?" मियाँ म्हणाले. "खरादीच्या घरात बाईनं हत्यार धरलं तर लोक काय म्हणतील?"

"दुष्काळात मी बी खडी फोडली, तवा कुनी काय म्हणलं होतं?"

दिलशादबींनी बटण दाबले. पटाशी माझ्या टेकणावर ठेवली आणि ती तशीच दाबून, सावकाश सरकवत नेली. उचलायची सवय त्यांच्या हाताला नव्हतीच. सवय होती ती डोळ्यांना; पटाशी कुठे तिरपी होते, कुठे सरळ, ते त्यांनी वर्षानुवर्षे समोरून पाहिले होते. माझ्यावर फिरणाऱ्या लाकडावरून लांबच लांब सोललेली साल निघाली.

पहिला गज मध्ये बारीक झाला. दुसरा बरा झाला. तिसरा मियाँनी मागून घेतला, नमुन्याला लावून पाहिला, बराच वेळ फिरवला.

"डाव्या हातानं धरलीस," ते म्हणाले.

"तुमचा उजवा हात मला डावीकडंच दिसला की इतकी सालं."

मियाँ हसले. त्या घरी आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकले. मग ते लंगडत स्टुलावर येऊन बसले आणि डोळे मिटून माझा आवाज ऐकू लागले. "दाबू नको... हाव, असंच... आता लाख लाव."

बाराव्या दिवशी सकाळी पाळणा महादेवप्पांच्या घरी गेला. त्यांनी गजांवरून बोट फिरवले. "हात बदललाय, निजामभाई."

मियाँ म्हणाले, "हाव. भाभीचा हाय तुमच्या."

महादेवप्पांनी आत हाक मारली, "जगदेवी, पाळण्याला पहिला झोका दिलशादभाभी देतील."

मला परत न्यायला कोणी आले नाही. पुढे कचेऱ्यांचे पाय, गेस्ट हाऊसचे पलंग, सगळे माझ्यावर कातले गेले. देगलूरपासून लोक 'डावखुऱ्या बाई'चे घर विचारत येत. मग लोखंडी खुर्च्या आल्या, प्लास्टिकचे पाळणे आले. माझा पट्टा उंदरांनी कुरतडला. आता मी जाहिदाच्या पडवीत आहे आणि माझ्यावर लोणच्याची बरणी असते.

मित्रांनो, घरात जुने यंत्र असेल तर त्याला महिन्यातून तेलाचे दोन थेंब द्या. आणि तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षे नुसती दोरी ओढत असेल, तर एकदा हत्यार त्यांच्या हातात देऊन पाहा. त्यांनी ते कोणत्या हाताने धरावे, हे मात्र सांगू नका.

निजामोद्दीनमियाँ १९९४ च्या उन्हाळ्यात वारले. दिलशादबी २००९ साली, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात वारल्या.