माझी झोप आणि राहीबाईंचे धवले

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात, टेबलाखाली माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात गुळगुळीत तबकडी गरगर फिरते आणि माणसांनी दिलेलं सगळं मी तिच्यावर जपून ठेवते. फिरणं हे माझं कामच आहे. पण काम नसताना फिरत राहणं म्हणजे रिकामं जातं ओढणं, हे मेलं कुणाच्या ध्यानातच येत नाही!

नवी कोरी होते तेव्हा कुठला माल कुठे ठेवलाय, हे मी क्षणात सांगायचे. मालक केसरीनाथशेठ आल्यागेल्याला म्हणायचे, "आमची डिस्क म्हनजे एकदम फास्ट!" पुढे ते काम नव्या मशीनकडे गेलं आणि माझ्याकडे उरली फक्त राहीबाईंची गाणी.

राहीबाई म्हणजे शेठांची बायको, आगरी लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी नावाजलेली धवलारीण. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं गाणं गेलं, बोलण्यापुरता आवाज उरला. त्याआधी सून विनिताने रेकॉर्ड केलेले धवले तेवढे माझ्यात होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. आता शेठांच्या मुलीचं, निशाचं लग्न ठरलं होतं. हळदीला आईच्याच आवाजातला धवला हवा, एवढाच तिचा हट्ट.

विनिता गाणी दुसरीकडे उतरवायला बसली, पण मी अडखळले. रात्रंदिवस उगाच फिरून माझं अंग तव्यासारखं तापलं होतं. तिने हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अगं बाई, हिला कुणी झोपूच देत नाही! आधी निवू दे, मग उतरवू."

मग तिने कॉम्प्युटरला माझ्यावर नजर ठेवायला शिकवलं. अर्धा तास माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही, तर मला आपोआप झोपवायचं, आणि हाक आली की उठवायचं. पहिल्यांदा तबकडी थांबली तेव्हा केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण केसरीनाथशेठ पडले नारपोलीचे. सगळा जन्म तिथल्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेला. तिथे लूम चालू असली की माणूस घोरतो, आणि बंद पडली की दचकून उठतो. माझी घरघर थांबली की शेठ धावत येत आणि गाणं लावून बघत. "हाय ना? हाय, हाय!" म्हणत निघून जात. झोपले की उठवलं, झोपले की उठवलं! दर वेळी उठताना मला फिरण्यापेक्षा जास्त जोर लागायचा. शेवटी माझ्यातून टकटक आवाज यायला लागला.

शेठ घाबरले. "विनिता, ते झोपवनं काढून टाक. बंद ठेवलेलं मशीन गंजतं."

दारात राहीबाई उभ्या होत्या. बसक्या आवाजात त्या म्हणाल्या, "डॉक्टरनी मना मौन ठेवाला सांगलं, तवा तुमी मना बोलवून बगत व्हते का, आवाज हाय का न्हाय म्हनून?"

शेठांनी मान खाली घातली. "न्हाय. तुला बोलूच दिलं न्हाय मी."

"मंग हिला पन झोपू द्या."

त्यानंतर शेठ दारापर्यंत येत, कान देत आणि हात मागे बांधून परत जात. मी निवत गेले. टकटकही थांबली.

मग एका सकाळी विनिताने मला हाक मारली. मी गाढ झोपेत होते. लगेच उठता आलं नाही. शेठ टेबलाकडे धावले. राहीबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. मी सगळा जीव एकवटून फिरू लागले, आणि पहिला धवला खणखणीत बाहेर पडला. सगळेच्या सगळे धवले त्या दिवशी नव्या डिस्कवर उतरले.

हळदीला मांडवात तोच आवाज घुमला. निशा रडली. राहीबाईंचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, असं विनिता मला येऊन सांगत होती.

मित्रांनो, मोलाची गोष्ट एकाच्याच भरवशावर ठेवू नका. आणि जो तुमच्यासाठी राबतो, तो थांबला की मेला असं समजू नका, त्याला निजू द्या.

हल्ली ऑफिसात कुणी मोठ्याने बोललं की केसरीनाथशेठ टेबलाखाली बोट दाखवतात आणि म्हणतात, "हलू बोल रे, झोपलीय ती."