मालिकेतला मुलगा

मालिकेतला समीर जळून मेला, दहाव्याला त्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि महिन्याभरात तो नवाच चेहरा घेऊन घरी परतला. तेव्हापासून टोकावड्याची हिराबाई एसटीतून उतरणारा पोरगा न् पोरगा न्याहाळू लागली. तिचा हरेश घाटात ट्रकसकट जळाला होता. त्याच्याही पिंडाला कावळा शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा करून शिववला होता.

हरेशची बायको सारिका कावली. "आई, त्या नटाला पिक्चर मिळाला, म्हणून त्याच्या जागी दुसरा आणला. मेलाबिला कोण नाय!"

"मंग त्याच्या आयनं नव्याला लेक मानला?"

"मानला ना. गळ्यात पडून रडली."

घाटाकडून एसटी येत होती. हिराबाईनं पदर सावरला.

"मंग मलापण दुसरा चालंल गो."