टाचेच्या आठ ओळी

घरी विणलेल्या पायमोज्यांची गरज आता कुणालाच उरलेली नव्हती. दुकानात कारखान्याचे मोजे ढिगाने मिळत, आणि ते हिवाळाभर टिकतही. तरी दर बुधवारी दुपारी दोन वाजता लेहतोमाकी गावच्या बंद पडलेल्या दूधडेअरीच्या मागच्या खोलीत अकरा बायका जमायच्या, शेगडी पेटवायच्या, कॉफीचं भांडं चढवायच्या आणि मोजे विणायच्या. ते साल चौऱ्याहत्तरचं. तळ्यावरचा बर्फ तेव्हा मार्च संपला तरी ट्रॅक्टर पेलायचा. तशी थंडी आता फिनलंडात पडत नाही, आणि तसे बुधवारही आता कुठे होत नाहीत.

मंडळ तोइनीबाईंचं. बाईंनी गावच्या शाळेत पस्तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवलेलं. खोलीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि उरलेल्या निम्म्याही त्यांना बाईच म्हणायच्या.

"छंद म्हणजे मनात येईल तेव्हा केलेला चाळा नव्हे," बाई म्हणायच्या. "पहिला मोजा हौसेने होतो. दुसऱ्याच्या वेळी हौस पळून जाते. तिथे शिस्त लागते."

त्यांची शिस्त शेगडीच्या वर टांगलेली होती. महिन्याला एक जोडी पुरी करायची, ती जिल्ह्याच्या इस्पितळातल्या म्हाताऱ्यांना जायची. जिचा एकच मोजा झाला असेल, तिचा तो एकटा मोजा नावाची चिठ्ठी टाचून दोरीवर लटकवायचा. बायका त्या मोज्यांना विधुर म्हणायच्या. जिच्या-तिच्या नावाने हसायच्या, आणि जिचं नाव असेल ती घरी जाऊन डोळे फुटेस्तोवर दुसरा मोजा विणायची. दोरीवर कुणी तीन आठवड्यांच्या वर टिकत नसे.

सायमीचा करडा मोजा मात्र ऑक्टोबरपासून लटकत होता.

"सायमी, तुझ्या विधुराला आता दाढी फुटेल गं!" किराणा दुकानवाली हिल्का म्हणायची.

"फुटू दे. म्हातारपणी तेवढीच ऊब," सायमी हसून म्हणायची.

सायमी सहासष्ट वर्षांची होती. नवरा गेलेला, मुलगा स्वीडनमध्ये मोटारींच्या कारखान्यात. आठवडाभर तिच्या तोंडून निघालेला शब्द ऐकायला घरात मांजरसुद्धा नव्हतं. बुधवारी ती आपली पायाने रेटायची घसरगाडी काढायची आणि दोन किलोमीटर बर्फ तुडवत डेअरीत यायची. दोरीखाली बसून हसून घ्यायची, कॉफी प्यायची आणि परत जायची.

तिच्या शेजारी आउने राहायची. मीठ मागायला म्हणून आउने जानेवारीत तिच्याकडे गेली, तेव्हा सायमी बटाटा सोलत होती. सोलत कसली, बटाटा कोपराखाली दाबून धरून उजव्या हाताने खरवडत होती. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं निर्जीव लोंबत होती.

"मावशी, हे कधी झालं?"

"ऑक्टोबरात. सकाळी उठले तर हात माझा नव्हताच." सायमीने हात झग्याच्या खिशात घातला. "कुणाला बोलू नकोस. कळलं तर पंचायतीची नर्स येईल, मुलाला पत्र लिहील, आणि मला वृद्धाश्रमात नेऊन टाकतील. मला माझ्या घरात मरायचंय."

"आणि बुधवार?"

"बुधवारी काय, एका हाताने कॉफी पिता येते." मग ती म्हणाली, "त्या दोरीवरून तो एकदा उतरला असता ना, तर बरं झालं असतं. बाई हल्ली माझ्याकडे बघतात तेव्हा मला शाळेतल्यासारखं वाटतं. मी तर त्यांच्या शाळेत गेलेही नाही."

"मी विणते दुसरा," आउने बोलून गेली.

सायमीने तिच्याकडे पाहिलं. "तुझी टाच नीट येईल ना गं?"

"येईल."

टाचेबद्दल विचारायला कारण होतं. आउने नऊ वर्षांची असताना युद्धात सीमा सरकली आणि त्यांचा पूर्वेकडचा मुलूख, करेलिया, रशियात गेला. आजी, ती आणि एक गाय एवढेच लेहतोमाकीत पोचले. विणायला आजीनेच शिकवलेलं. उलटा टाका घालताना आजी दोरा सुईखालून घ्यायची, वरून नाही. करेलियातल्या सगळ्याच बायका तसा घ्यायच्या. बाईंच्या वर्गात पहिल्याच दिवशी ते दिसलं.

"हा रशियन हात आहे," बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, आणि सुई तिच्या बोटांवर बसली. तीन हिवाळे बसत राहिली. मधल्या सुट्टीत मुली 'रशियन हात, रशियन हात' म्हणून तिच्याभोवती फेर धरायच्या. त्यांत हिल्काची धाकटी बहीणही होती. आउनेने वरून दोरा घ्यायला शिकून घेतलं, पण लक्ष ढळलं की हात आपोआप आजीचा व्हायचा. मग टाके पायात पाय अडकवून उभे राहिल्यासारखे दिसायचे. मोज्याचा पाय गोल विणतात, तिथे काही कळत नाही. टाचेची पट्टी मात्र उलटसुलट विणावी लागते. तिथे सगळं उघडं पडतं.

तीस वर्षं झाली होती त्याला. मंडळात येऊन सहा. हल्ली आउनेला कुणी 'तुमच्याकडे कसं करतात गं?' असं विचारत नसे. तुमच्याकडे हा शब्द बंद झाला होता. तेवढ्यासाठी तिने सहा वर्षं एकही बुधवार चुकवला नव्हता.

तिने मोजा पाच दुपारी विणला. टाचेला बसली तेव्हा प्रत्येक उलटा टाका पुटपुटत घातला, वरून, वरून, वरून. बावीस ओळी चोख आल्या. मग खिडकीबाहेर कुणाची तरी घोडागाडी थांबली, तिचं लक्ष गेलं, आणि पुढच्या आठ ओळी ती विणून मोकळी झाली तरी तिला कळलं नाही. कळलं तेव्हा पाऊलही अर्धं झालं होतं. उसवायचं म्हणजे सगळं उसवायचं. उद्या बुधवार होता. आठ ओळी कोण बघतंय, ती स्वतःशी म्हणाली.

बुधवारी सायमीने जोडी टेबलावर ठेवली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"विधुराचं लग्न लागलं!" हिल्का ओरडली. "केक कुठाय?"

सायमीचे गाल लाल झाले होते. आउने तिच्याकडे बघत नव्हती, पण तिलाही आतून हसू येत होतं.

तोइनीबाईंनी जोडी उचलली. ताणून पाहिली, आतली बाजू बाहेर काढली, टाचेवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, चष्मा कपाळावर चढवला.

"सायमी, ही टाच कुणाची?"

"माझीच, बाई. दुसऱ्या कुणाची असणार?"

"पहिली टाच तुझी. ही नाही." बाईंचा आवाज अगदी मऊ होता. त्या आउनेकडे पाहतही नव्हत्या. "कुणी विणलाय तिने सांगावं. मी रागावणार नाही. मदत केली तर केली. मला फक्त नाव हवंय."

 बाई एकेकीला विचारत निघाल्या.

"हिल्का?"

"मी? माझेच होईनात, बाई!"

आणखी सात जणींना विचारून झालं. आउनेला सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

"आउने?"

आउनेला माहीत होतं की बाईंना माहीत आहे. हो म्हटलं की पुढचा शब्द कोणता येणार तेही तिला माहीत होतं. पुढे ती स्वतःला सांगत राहिली की सायमीचं गुपित फुटू नये म्हणून आपण गप्प बसलो. तसं नव्हतं. त्या क्षणी सायमी तिच्या डोक्यातही नव्हती.

"नाही, बाई."

"नक्की?"

"नक्की."

बाई हसल्या. वर्गात कुणी हात पाठीमागे लपवला की हसायच्या, तशा.

"मी बाजारात घेतला," सायमी एकदम म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "एक बाई विकत होती."

"एकच? एकच मोजा विकत होती?" हिल्का म्हणाली. "लंगड्यांचा बाजार होता वाटतं!"

खोली हसून हसून लोळली. बाईंनी हसू संपू दिलं.

"विकतचा माल आपल्या इस्पितळाच्या पेटीत जाणार नाही. उसवावा लागेल. आउने, तुझे हात मोकळे आहेत."

मोजा आउनेच्या मांडीवर आला. तिने चवड्याशी दोऱ्याचं टोक न बघता शोधलं.

"बघा, कसं लगेच सापडलं!" कुणीतरी म्हणालं.

"आउनेला सापडतंच," बाई म्हणाल्या.

तिने ओढायला सुरुवात केली. चवडा गेला, पाऊल गेलं. तिला टाच संपवायची होती. त्या आठ ओळी कुणाच्या हातात जाण्याआधी, कुणी खिडकीपाशी नेण्याआधी. ती ओढत राहिली आणि लोकर कुरळी होऊन पायाशी साचत राहिली. आठ ओळी गेल्या तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. पुढचं उसवायला तिला काहीच वाटलं नाही.

बाईंनी त्या लोकरीचा गुंडा केला, चार सुया घेतल्या आणि दोन्ही सायमीच्या मांडीवर ठेवलं.

"साठ टाके घाल. आम्ही थांबतो. मन लावलं की हात चालतो."

सायमीने डावा हात खिशातून काढला. सुई अंगठ्यावर टेकवली. ती घरंगळून जमिनीवर पडली. हिल्का फिसकन हसली. सायमीने वाकून सुई उचलली, परत टेकवली. परत पडली. तिसऱ्या वेळी तिने ती दातात धरायचा प्रयत्न केला, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. सगळ्या त्या तीन बोटांकडे बघत होत्या.

"हाताला काय झालंय गं?" हिल्काने विचारलं.

"काही नाही. गारठलाय."

तोइनीबाई बराच वेळ बघत राहिल्या. आता त्या उठतील, हात हातात घेतील, असं एक क्षण वाटलं.

"आधीच सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायची काय गरज होती?" त्यांनी टेबलावरचा पहिला मोजा तिच्या हातात दिला. "हा घेऊन जा. ज्या विणतात त्यांनाच इथे जागा पुरत नाही."

सायमीने मोजा खिशात घातला, डोक्याला रुमाल बांधायला गेली, एका हाताने बांधता येईना, तशीच उघड्या डोक्याने बाहेर पडली. आउनेची खुर्ची दाराच्या सगळ्यात जवळ होती. ती उठली नाही.

संध्याकाळपर्यंत हिल्काच्या दुकानातून गावभर झालं. शुक्रवारी नर्स आली. शनिवारी आउने वेलदोड्याचा गोड पाव भाजून सायमीकडे गेली. सायमीने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"नर्स हात पिळून गेली. गाईचं सड पिळावं तसा," ती म्हणाली. "मुलाला पत्र गेलंय. वसंतात घर विकतील."

"मावशी, मी तुझं गुपित राखायलाच..."

"गप गं." सायमी रागावलेली दिसत नव्हती. नुसती थकलेली दिसत होती. "तू बोलली नाहीस त्याचं मला काही नाही. त्या बाईसमोर मीही बोलले नसते. पण उसवताना काय हात चालत होते गं तुझे! इतक्या भराभरा तू कधी विणलंही नसशील."

 आउनेने पाव पुढे केला.

"नको. तुझ्या पोरांना घाल," सायमी म्हणाली आणि दार लावून घेतलं. एका हाताने कडी घालायला तिला वेळ लागत होता. आतली खडखड आउने पायरीवर उभी राहून ऐकत राहिली. कडी बसली तेव्हा ती निघाली.

या बुधवारी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. मंगळवारपर्यंत ते पक्कं होतं. बुधवारी दोनला दहा मिनिटं असताना ती डेअरीत पोचली, शेगडीत लाकडं घातली आणि सुया काढल्या. बायका जमल्या, कॉफी झाली. सायमीची खुर्ची कुणीतरी भिंतीला लावून ठेवली होती.

"सायमीच्या हाताचं फार वाईट झालं, नाही?" हिल्का म्हणाली. तिच्या आवाजात थोडं खरं वाईट वाटणंही होतं. ती सगळ्यांकडे बघत होती, कुणी दुजोरा द्यावा म्हणून.

 आउनेने ओळ पुरी केली.

"आधीच सांगायला हवं होतं तिने," ती म्हणाली.

तोइनीबाईंनी विणकामातून मान वर केली नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या पुन्हा विणायला लागल्या.