लाल काटा तसाच राहू द्या

मित्रांनो, मोडणं हेच ज्याचं काम, असं एक जुनं यंत्र मी आहे. यवतमाळला लोहाऱ्याकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या व्हरांड्यात मी सध्या उभा आहे. मला टेन्सिल मशीन म्हणतात. मला दोन जबडे आहेत. त्यांत वस्तू धरायची आणि तुटेपर्यंत ताणायची, एवढंच मी जन्मभर केलं. लोकांनी मेहनतीनं काही घडवून आणायचं आणि मी ते तोडून दाखवायचं. असल्या कामात कुणाची माया मिळत नाही, हे मी लवकरच समजून चुकलो.

माझा जन्म सांगलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या छातीवर एक मोठी गोल तबकडी बसवली आणि तिच्यावर दोन काटे, एक काळा, एक लाल. ताण वाढला की काळा काटा लाल काट्याला पुढे ढकलत नेतो. वस्तू तुटली की काळा झर्रकन शून्यावर परत येतो, पण लाल जिथे पोचला तिथेच थांबतो. वस्तूनं किती सोसलं, हे तो सांगत राहतो. पुढच्या तपासणीआधी कुणीतरी बोटानं त्याला मागे आणायचं असतं.

इथे आलो तेव्हा माझी वट होती. कापसाच्या जिनिंग यंत्रांचे पट्टे, विहिरीवरचे दोर, तारा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, सगळं माझ्या तोंडी यायचं. काही तुटून मोठा आवाज झाला की मुलं टाळ्या वाजवायची. दसऱ्याला देवीलालभाऊ मला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचे. ते प्रयोगशाळेतले मदतनीस. माझ्या चाकांना ग्रीस लावणं त्यांचंच काम. पुढे पट्टे येईनासे झाले, ग्रीसचा डबा संपला तो संपलाच. हार मात्र येत राहिला, कारण हाराला कुणाची मंजुरी लागत नाही. शेवटी संगणकावर चालणारं नवं मशीन मंजूर झालं आणि माझं नाव भंगाराच्या यादीत गेलं. खरं सांगतो, मला फारसं वाईट वाटलं नाही. मी थकलो होतो.

अशा वेळी प्रियंका आली. राळेगावकडची, एम.टेक. करणारी. तिचे वडील श्रावण दुसऱ्यांच्या शेतात कपाशीवर फवारणी करतात. पाठीवरच्या पंपाच्या नळीचा जोड तडकला की विषारी औषध पाठीवर गळतं. एकदा त्यापायी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, न तडकणारा जोड बनवायचा. त्यासाठी तिला ग्राफीन हवं होतं.

ग्राफीन म्हणजे काय, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. पेन्सिलीच्या शिशात कार्बनचे थर एकावर एक रचलेले असतात. त्यातला एकच थर सुटा केला की ते ग्राफीन. डोळ्यांना दिसणार नाही इतकं पातळ, पण भलतंच चिवट. प्रियंका ते पऱ्हाटीपासून करायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ना, तीच वाळकी पऱ्हाटी. ती बंद भट्टीत हवेविना जाळायची, कोळशावर रसायनांची प्रक्रिया करायची, धुवायची, आणि ती काळी भुकटी रेझिनमध्ये मिसळून तिच्या पट्ट्या ओतायची. रेझिन म्हणजे घट्ट झालं की दगडासारखं होणारं चिकट द्रव्य.

हे सगळं तिनं आधी संगणकात करून पाहिलं होतं. त्या पडद्यावरही माझ्यासारखंच एक यंत्र होतं, फक्त त्याला गंज नव्हता. तिथली पट्टी ताण सोसत सोसत फार पुढे गेली. चारुदत्त सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, खूश झाले. मग खरी पट्टी माझ्या जबड्यात आली. मी ताणली आणि ती खडूसारखी तुटली. नुसत्या रेझिनच्या पट्टीनं जेवढं सोसलं, तेवढंही तिनं सोसलं नाही.

दुसरी आली, तिसरी आली. उत्तर तेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सर वाईट माणूस नव्हेत. पण प्रबंध सादर करायची तारीख डोक्यावर आली होती. ते म्हणाले, "प्रियंका, मशीन म्हातारं झालंय. हे आकडे सोडून दे. संगणकाचे आकडे छान आहेत, तेवढे लाव."

तिनं तुटलेली पट्टी उचलून घेतली. मग म्हणाली, "सर, हा जोड उद्या कोणाच्या तरी पाठीवर जाणार आहे. मशीन चुकत असेल तर हे आकडे सोडते. पण आधी ते चुकते का, हे पाहू द्या."

देवीलालभाऊंनीही तिला समजावलं. "ताई, कायले जीव आटवून राह्यली? थे मशीन आता थकलं."

"थकलं म्हणून खोटं बोलते, असं थोडीच हाय भाऊ?" ती म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

यंत्र तपासायची एक पोलादी कडी असते. किती ताण पडला, हे ती स्वतःच अचूक सांगते. ती दुसऱ्या कॉलेजातून मागवली. देवीलालभाऊंनी कुठूनतरी ग्रीस पैदा केलं, माझी चाकं पुसली. कडी जबड्यात अडकवली तेव्हा मी घाबरलो होतो. आपण खरंच बिघडलो असू तर? मी ताण दिला. कडीचा आकडा आणि माझा आकडा जुळला. पुन्हा दिला, पुन्हा जुळला.

मी खरा ठरलो आणि त्याच क्षणी तिचं काम खोटं पडलं. ती स्टुलावर बसली. "मंग मीच चुकली," एवढंच म्हणाली. मला मुळीच आनंद झाला नाही.

दुपारी ती तिथेच, माझ्या शेजारच्या टेबलावर, डबा घेऊन बसली. तिच्या आईनं, कौसल्याबाईंनी, मुगवड्यांची भाजी पाठवली होती. प्रियंकानं एक वडी बोटानं दाबली. रस्सा मुरला होता, तरी वडी आतून घट्टच होती. ती तिच्याकडे बघतच राहिली.

"भाऊ, वडी एकदा वाळली का कितीबी भिजवा, तिचं पुन्हा पीठ होत नाही ना?"

"कसं होईन?" देवीलालभाऊ म्हणाले.

तिनं डबा तसाच सोडला आणि तुटलेल्या पट्टीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तुटल्या जागी काळ्या गुठळ्या होत्या. चूक तिच्या घरच्या वळणाची होती. उन्हाळ्यात त्यांच्याकडे जे साठवायचं ते आधी गच्चीवर, पांढऱ्या कापडावर कडकडीत वाळवायचं. ओलं ठेवलं की नासतं, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं. हिनंही ग्राफीन धुऊन होस्टेलच्या गच्चीवर, मे महिन्याच्या उन्हात कुरड्यांसारखं वाळवलं होतं. पाणी उडून जाताना सुटे झालेले थर पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटले. संगणकात प्रत्येक थर सुटा होता, माझ्या जबड्यात मात्र गुठळ्या आल्या होत्या. संगणक आणि मी, दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

तिनं सगळं नव्यानं केलं. या वेळी ग्राफीन वाळू दिलंच नाही. पाणी काढून त्या जागी स्पिरिट घातलं, ओलंच रेझिनमध्ये घोटलं आणि मग हळूहळू स्पिरिट उडवून लावलं. तारीख जवळ आली तेव्हा नवी पट्टी घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. सरही होते. तिनं लाल काटा बोटानं शून्यावर आणला.

मी ताणायला लागलो. माझी चाकं कुरकुरत होती, अंग दुखत होतं. जुन्या पट्ट्या तुटल्या ती जागा मागे पडली. नुसत्या रेझिनची जागाही मागे पडली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही तुटू नये. पण ताण कमी करणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी मी ते केलं नसतं. तिला माझ्याकडून खरं तेच हवं होतं. शेवटी ती तुटली, पण फार उशिरा तुटली.

"संगणकापेक्षा कमी आहे," सर म्हणाले.

"हो सर. पण हे ताणून पाहिलेलं आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आधीचे वाईट आकडेही लाव," ते म्हणाले, "आणि ते का आले, तेही लिही."

ते माझं शेवटचं काम. नवं मशीन आलं, मला व्हरांड्यात ढकललं. प्रियंकाही शिकून गेली. परवा तिचा फोन आला होता. देवीलालभाऊ माझ्याशेजारी उभे राहून बोलत होते, म्हणून मला ऐकू आलं. तिनं बनवलेला जोड श्रावणरावांच्या पंपाला लावलाय. अख्खा हंगाम गेला, त्यांचा सदरा कोरडा आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही जुनी यंत्रं असतील. त्यांचं उत्तर आवडलं नाही तर त्यांना खुशाल तपासा, पण खरी निघाली तर त्यांचं ऐका. जमलं तर थोडं ग्रीस लावा. मला न्यायला गाडी कधी येईल, ठाऊक नाही. त्याआधी कुणी माझ्या तबकडीवरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. फक्त तो लाल काटा शून्यावर आणू नका. तिच्या पट्टीनं त्याला जिथे नेऊन ठेवलं, तिथेच तो अजून उभा आहे.