चिकटपट्टीवरचं कडवं

मित्रांनो, मी गाण्यांची एक जुनी पुस्तिका आहे. सोळा पानं आणि दोन पिना, एवढाच माझा संसार. दादासोंनी गाणी रचली, कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मी जन्मले आणि त्यांच्या गायन पार्टीबरोबर इचलकरंजीपर्यंत बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमांत मिरवले. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. पुढं दादासो गेले, पार्टी मोडली. माझ्या बहिणी कुठं वाळवीला, कुठं रद्दीला गेल्या. मी तेवढी उरले.

दादासोंच्या पत्नी सरुबाई मला जिवापाड जपत. पान फाटलं, की लगेच चिकटपट्टी लावत. ती पट्टी पिवळी पडून माझ्या अंगात मुरत गेली. माया होती हो, पण जाचही होता!

दोन हजार सहा साली त्यांच्या नातवानं, प्रसेनजीतनं, घरी स्कॅनर आणला. आजोबांच्या स्मृतिदिनाला सगळी गाणी सीडीवर घालून वाटायची, असं त्यानं ठरवलं. सरुबाईंचा जीव मात्र एकाच गाण्यात अडकला होता, 'पाणवठा'. त्याचं शेवटचं कडवं त्यांना आताशा आठवेना, आणि ते फक्त माझ्याच अंगावर उरलं होतं.

मला काचेवर पालथं घालून वरून झाकण दाबलं. उजेड सरकू लागला, तशी माझी पाचावर धारण बसली. कडांचा भुगा पडत होता. त्यात ते कडवं असलेलं शेवटचं पान पट्टीमुळं काळपट उमटलं, म्हणून प्रसेनजीतनं पट्टी ओढली. झालं! अक्षरंही पट्टीबरोबर निघाली. पान कोरं पडलं.

"म्याच लावलीती की रं ती पट्टी," सरुबाई म्हणाल्या.

पट्टी प्रसेनजीतच्या बोटाला चिकटून गुंडाळली जायला लागली होती. स्वतःलाच चिकटली असती, तर कडवं कायमचं गेलं असतं. त्यानं श्वास रोखून ती पांढऱ्या कागदावर अलगद पसरली आणि तो कागद काचेवर ठेवला. उजेड पुन्हा सरकला. इतकी मी जन्मात घाबरले नव्हते.

पडद्यावर पिवळ्या डागातून अक्षरं वर आली. प्रसेनजीतनं ती मोठी केली. सरुबाई पुढं सरकल्या आणि एकेक शब्दाखाली बोट धरून वाचू लागल्या, "ओंजळ माझी, तहान माझी, पाणी साऱ्यांचं..." वाचता वाचता त्यांना चाल सापडली आणि त्या गाऊच लागल्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका. अंग धड आहे तोवर आमची नक्कल काढा, आणि नक्कल निघाली म्हणून आम्हाला टाकून देऊ नका. घरात सीडी आहे, तरी सरुबाई दर स्मृतिदिनाला मला मांडीवर घेतात, ते कोरं पान उघडतात आणि न अडखळता गातात.