फोनवरचं गिऱ्हाईक

"नको. कुकर आहे आमच्याकडे," शिपाई फोनवर म्हणाला, आणि पलीकडच्या विद्यार्थ्याने फोन ठेवूनच दिला. सकाळपासूनचा हा पाचवा. भाजी निवडता निवडता बायको हसली. "अहो, जरा सबुरीनं घ्या. पळताहेत सगळे," ती म्हणाली.

सबुरीने घ्यायला विभागात शिकवणाऱ्या बाईंनीही सांगितलं होतं. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात विक्रीचं प्रात्यक्षिक असे. विद्यार्थ्यांनी टेबल मांडून एखादी वस्तू विकायची आणि गिऱ्हाईक व्हायचं ते या शिपायाने, कारण त्याच्याइतकी घासाघीस विभागात कुणालाच जमत नसे. एकदा एक प्राध्यापक गिऱ्हाईक झाले होते, त्यांनी पहिल्याच वाक्याला छत्री घेऊन टाकली. तेव्हापासून बावीस वर्षं हा मान शिपायाचा. एरवी चहाचे कप उचलणाऱ्या माणसाला प्रात्यक्षिकाचे चार दिवस सगळे उठून खुर्ची देत, आणि त्या चार दिवसांवर तो वर्ष काढायचा. आता साथीमुळे विद्यापीठ बंद आणि प्रात्यक्षिक फोनवर. बाई सगळं रेकॉर्ड करत होत्या. ते विद्यापीठाच्या समितीला पटलं नाही तर पुढच्या वर्षीपासून लेखी परीक्षा, मग गिऱ्हाईक कशाला लागतंय?

सहावा फोन एका मुलीचा. वडील चार दिवसांपासून हॉस्पिटलात आहेत, तिथून निरोप आला तर मधेच उठावं लागेल, असं तिने आधीच सांगून टाकलं. कुकरचं झाकण कसं बसतं ते ती सांगू लागली, तोच शिपाई म्हणाला, "बरं, द्या एक."

ती म्हणाली, "काका, तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत. माझी कीव करू नका. बाकीच्यांसारखंच मलाही फैलावर घ्या."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो सरसावून बसला. "नको म्हणजे नको," तो कडाडला. झाकण हलकं असणार, शिट्टी बिघडली तर कुणाच्या दारात जायचं, शिवाय बायकोला विचारावं लागेल. मुलगी हटेना. तिने बायकोलाच फोनवर बोलावून घेतलं आणि शिट्टी साफ करायची रीत समजावली. अठरा मिनिटांनी शिपायाने हात टेकले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच वस्तू खरोखर घ्यावीशी वाटली, असं त्याने बायकोला सांगितलं.

महिन्याने बाईंचा फोन आला. ती अठरा मिनिटं समितीला फार आवडली होती, त्यामुळे प्रात्यक्षिक वाचलं. मग बाई अडखळल्या. यापुढे सगळ्या वर्गांना तेच रेकॉर्डिंग ऐकवायचं, ते थांबवून थांबवून विद्यार्थ्यांनी उत्तरं द्यायची, असं ठरलं होतं. दरवर्षी प्रत्यक्ष गिऱ्हाईक लागणार नव्हतं.

"त्या पोरीचे वडील?" त्याने विचारलं. घरी आले, बाई म्हणाल्या.

"मग झालं," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

विद्यापीठ उघडलं तेव्हा त्याला जिन्यापाशी ताप मोजायला बसवलं. एका सकाळी वरच्या वर्गातून त्याचाच आवाज आला, "नको म्हणजे नको," आणि वर्ग खो खो हसला. मास्क लावलेली एक विद्यार्थिनी कपाळ पुढे करून उभी होती. यंत्रावर आकडा केव्हाच उमटला होता.

"काका, जाऊ ना?" तिने विचारलं.

तो बाजूला झाला. ती धावतच जिना चढून गेली आणि वरच्या वर्गाचं दार तिने आतून लावून घेतलं.