अठराशे साठ पाकिटं

घरीदारी तिला सगळे भुंगी म्हणत. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की समोरच्याचं डोकं पोखरल्याशिवाय सोडायची नाही, म्हणून. विद्यापीठात तिने जनसंपर्क हा विषय घेतला तेव्हा आईने नाक मुरडलं होतं. “म्हणजे लोकांना गोड बोलून गुंडाळायचं, असंच ना? त्याला पदवी कशाला लागते?” भुंगीने तेव्हा हसून वेळ मारून नेली. तिसऱ्या वर्षी तिला एका छोट्या जनसंपर्क संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, आणि पहिले बारा दिवस कात्रणं चिकटवण्यात नि बातमीदारांचे फोन नंबर तपासण्यात गेले. पुस्तकातलं सगळं तोंडपाठ होतं, पण तिला विचारतंय कोण!

तेराव्या दिवशी सकाळी ऑफिसात ती आणि संस्था चालवणाऱ्या मॅडम अशा दोघीच होत्या. बाकीची मंडळी एका प्रदर्शनाच्या कामाला गेलेली. तेवढ्यात फोन खणाणला. मॅडमनी उचलून स्पीकरवर लावला. संस्थेचे जुने ग्राहक असलेले, बिस्किटांच्या कारखान्याचे मालक बोलत होते, तेही धापा टाकत. एका बाईने इंटरनेटवर फोटो टाकला होता. साध्या लोण्याच्या बिस्किटांच्या पाकिटातून शेंगदाण्याची बिस्किटं निघाली होती. तिच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. दोन घासांतच पोरीचे ओठ टरारून सुजले. डॉक्टर वेळेवर भेटले म्हणून निभावलं.

“एकच पाकीट आहे हो! काहीतरी छानसं लिहा आणि मिटवा,” मालक म्हणाले.

मॅडमनी फोन ठेवला, टेबलाखाली चपला काढल्या आणि भुंगीकडे पाहिलं. “पहिला मसुदा तू लिही. वीस मिनिटं आहेत.”

भुंगीच्या अंगात वारं भरलं. तिने पंधराच मिनिटांत कागद पुढे केला. ‘ग्राहकांचे आरोग्य हेच आमचे सर्वोच्च प्राधान्य असून...’ अशी सुरुवात, खाली तसल्याच भारदस्त सात ओळी.

मॅडमनी वाचलं. “आता सांग, घरात हीच बिस्किटं आहेत अशी एखादी आई हे वाचून काय करेल? पाकीट टाकून देईल, की पोराच्या हातात देईल?”

भुंगीने कागद पुन्हा वाचला. त्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. तिचे कान गरम झाले.

“कुठल्या पाकिटांत गडबड आहे, हेच मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“मग माहीत करून घे की. फोन कशाला ठेवलाय?”

झालं! भुंगी सुटली. कारखान्यातल्या तीन माणसांनी तिला इकडून तिकडे टोलवलं, चौथ्या फोनला पॅकिंग विभागाच्या सुपरवायझर बाई सापडल्या. मशिनचा एवढा खडखडाट, की दोघींना ओरडूनच बोलावं लागत होतं. पाळी कधी बदलली, वेष्टनाचा रोल कुणी लावला, बॅच नंबर कुठे छापतात, भुंगी विचारत सुटली. हळूहळू बाईंचा आवाज उतरला. काल दुपारी पाळी बदलताना मशिनवर चुकीचा रोल चढला होता. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं, पण तोवर माल गाडीत गेला होता.

“किती पाकिटं, मावशी?”

“अठराशे साठ.” मग जरा थांबून, “माझ्यावर येईल का गं हे सगळं?”

‘नाही’ हा शब्द भुंगीच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. “ते मला ठाऊक नाही, मावशी. उगाच शब्द देत नाही. पण तुम्ही खरं सांगितलंत, हे मी मॅडमना सांगणार.”

आकडा ऐकून मालक स्पीकरवरच उखडले. “अठराशे साठ? अहो, असं छापलं तर दुकान बंद करायची पाळी येईल!”

मॅडम उत्तर देणार, एवढ्यात भुंगीच्या तोंडून निघून गेलं, “काका, पण संध्याकाळी अजून एक मूल आजारी पडलं तर?”

तिने जीभ चावली. ग्राहकाला काका! मॅडम खिडकीबाहेर बघत हसू दाबत होत्या.

“लिहा,” मालक शेवटी म्हणाले. “नंबरसकट लिहा. आणि त्या मुलीच्या घरी मी स्वतः फोन करतो.”

नवं निवेदन जेमतेम पाच ओळींचं झालं. कुठला बॅच नंबर, तो पाकिटावर कुठे बघायचा, बिस्किटं खाऊ नका, दुकानात परत द्या, चूक आमची आहे. मालकांचा त्या घरी फोन होताच, साडेअकराला ते बाहेर पडलं. मग दोघींनी फोनचा धडाका लावला. माल जिथे गेला होता ती चौदा दुकानं, शाळांची उपाहारगृहं, वर्तमानपत्रं. भुंगीचा घसा बसला, पण एकेका दुकानातून परत मिळालेल्या पाकिटांचा आकडा फळ्यावर चढताना तिला बसवत नव्हतं. तीनशे. सातशे दहा. बाराशे!

दुपारी रेडिओवरच्या बातमीदाराचा फोन तिनेच उचलला. निवेदन ऐकून त्याने विचारलं, “ते ठीक आहे, पण चूक नक्की कुणाची?”

हे काही कागदावर नव्हतं. मॅडमनी फोन घ्यायला हात पुढे केला नाही, ‘बोल’ म्हणून नुसती मान हलवली.

“कारखान्याची,” भुंगी म्हणाली. “वेष्टनाचा रोल चुकला आणि तपासणीत तो सुटला. कुणा एकाचं नाव शोधत बसण्याआधी आज पाकिटं शोधायची आहेत. पाचशेच्या आसपास अजून बाहेर आहेत. तुम्ही नंबर दोनदा वाचून दाखवाल का?”

तो हसला. “तीनदा वाचतो.”

मॅडमनी तिच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला. “उद्या सकाळी माझ्याबरोबर कारखान्यात यायचं. नवी तपासणी कशी असावी, हे तिथल्या लोकांकडूनच ऐकायचंय. प्रश्न तू विचारायचेस.”

सहा वाजता भुंगी बाहेर पडली ती जवळजवळ पळतच. बसथांब्यालगतच्या दुकानात रेडिओ चालू होता. बातमीदार नंबर वाचत होता, तिच्याच ओळींत, एकही शब्द न बदलता. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या एका माणसाने पिशवीतून बिस्किटाचं पाकीट काढलं, चष्मा कपाळावर सारला आणि पाकीट उलटं करून डोळ्यांजवळ नेलं.

“आकडे फार बारीक आहेत हो,” तो दुकानदाराला म्हणाला.

“द्या इकडे, मी वाचते!” म्हणत भुंगी आत घुसली.